कार्डावर नसलेला भोवरा

शिवहार गडदे जनावराच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघतो. ही सवय जुनी नाही. तिला दोनच वर्षं झाली आहेत आणि ती त्याला एका घोडीमुळे लागली.

वारंगा फाट्यावर पंक्चरच्या दुकानामागे त्याचं पत्र्याचं शेड आहे. ऊसतोडीच्या हंगामात तिथे सकाळपासून बैलगाड्या थांबतात. वसमतकडच्या कारखान्याला ऊस नेणारा बैल डांबरावरून चालतो, आणि डांबर खूर खातं. म्हणून नाल. दोराने पाय आवळून बैल आडवा पाडायचा, खूर खरवडायचा, तासायचा आणि प्रत्येक खुराला दोन पत्र्या ठोकायच्या, कारण बैलाचा खूर दुभंगलेला असतो. शिवहार हे काम वीस वर्षं करतो आहे. वय त्रेचाळीस, शिक्षण नववी, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. ऊस संपला की लग्नातल्या घोड्या आणि हौशी लोकांचे घोडे येतात. घोड्याला आडवं पाडावं लागत नाही. त्याचा पाय मांडीवर घेऊन उभ्याउभ्याच नाल मारतात.

त्या शेडमध्ये खिळ्यांच्या डब्यावर प्लास्टिकच्या पिशवीत एक निळी वही टांगलेली असते. शिकाऊ पंचाची वही. घोड्यांच्या प्रदर्शनात रिंगणात उभं राहून कोणता घोडा पहिला, कोणता दुसरा हे ठरवणारा माणूस म्हणजे पंच. पंच व्हायचं तर तीन प्रदर्शनांत ज्येष्ठ पंचाबरोबर रिंगणात उभं राहावं लागतं. दोघांनी एकमेकांशी न बोलता आपापलं कार्ड भरायचं. निकाल लागण्याआधी ज्येष्ठ पंच शिकाऊ पंचाला विचारतो: हा घोडा वर का, तो खाली का? उत्तर पटलं तर वहीत सही. अशा तीन सह्या झाल्या की माणूस पंच. शिवहारच्या वहीत पहिल्या दोन सह्या वर्षभरातच झाल्या. तिसरीला आणखी जवळपास दोन वर्षं लागली.

हा माणूस या वाटेला लागला तो आखाडा बाळापूरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ऐश्वर्या यांच्यामुळे. २०२२ साली एका लंगड्या घोडीचा पाय त्या तीनदा तपासून गेल्या होत्या आणि लंगडेपणाचं कारण सापडत नव्हतं. शिवहारने नाल काढून हातात घेतली, उलटसुलट केली आणि सांगितलं, "म्याडम, पायात काही न्हाई. खांद्यात हाय. नाल बगा, आतल्या अंगानं जास्त झिजली. खांदा दुखतो म्हून पाय आत टाकून राहिली ती." दुसऱ्या दिवशी खांद्याला सूज आली. ऐश्वर्या स्वतः घोड्यांच्या प्रदर्शनांत कार्डं गोळा करायचं, गुणांची बेरीज करायचं काम बघतात. पंचांची उणीव त्यांना ठाऊक होती. घोडे हौशीने पाळणारे वाढले, मेळे वाढले, पण निकाल देणारी माणसं बाहेरूनच आणावी लागत होती.

"तुम्ही का नाही होत?" त्यांनी विचारलं.

"आमी? आमी तर खिळे मारणारे."

"पंचाला खिळे मारता येत नाहीत, हीच तर अडचण आहे."

शिवहारचं घर आखाडा बाळापूरपासून पाच किलोमीटरवर. घरची मेंढरं. वडील लिंबाजी आता पंचाहत्तरीचे आहेत. मेंढरं घेऊन चार महिने बाहेर राहायचं तेव्हा भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं घोडीच्या पाठीवर असायची. लिंबाजींनी आयुष्यात चौदा घोड्या पाळल्या, त्यातली एकही भोवरे बघितल्याशिवाय दारात आली नाही. घोड्याच्या अंगावर केस ज्या ठिकाणी गोल फिरतात तो भोवरा. गळ्याच्या मुळाशी असला तर देवमण, धन्याचं भलं करणारा. डोळ्याखाली, जिथून आसू ओघळेल तिथे असला तर आसूढाळ. अशी घोडी घरात रडं आणते म्हणतात. बाजारात आसूढाळ घोडीकडे कोणी फिरकत नाही. लिंबाजींना आसपासच्या चार तालुक्यांतून भोवरे बघायला बोलावणं येई. शिवहारने सातव्या वर्षापासून बापाचं बघणं बघितलं: घोड्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, कपाळावरची झुलपं वर करायची, डोळ्यांखाली बोट फिरवायचं, मग गळा, मग छाती. पाय सगळ्यात शेवटी.

प्रदर्शनाचं कार्ड हातात आलं तेव्हा ते शंभर गुणांचं होतं. डोकं आणि कान, मान, खांदा आणि छाती, पाठ, पाय आणि खूर, चाल, स्वभाव. पायांना वीस, चालीला वीस. कार्ड इंग्रजीत आणि हिंदीत होतं. शिवहारची बायको दिपाली बारावी झालेली. तिने ते मराठीत एका वहीत उतरवून दिलं. लिंबाजींनी ते वाचून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"भोवऱ्याचं घर कुटं हाय ह्याच्यात?"

"न्हाई आबा."

"मंग हे अर्ध्या घोड्याचं कार्ड हाय," लिंबाजी म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

गुण देणं शिवहारला जड गेलं नाही. जड गेलं ते बोलणं. ज्येष्ठ पंचासमोर नुसतं 'हा चांगला' म्हणून चालत नाही. पहिला दुसऱ्याच्या वर का ठेवला, दुसऱ्यात पहिल्यापेक्षा काय बरं होतं आणि तरी तो खाली का, हे दोन मिनिटांत सांगावं लागतं. त्याने सराव बैलांवर केला. नाल मारायला आलेल्या चार बैलांकडे बघून तो मोठ्याने बोलायचा: "तांबड्याला वर ठेवला कारण पाठ सपाट अन मागचे पाय सरळ. पांढऱ्याचा खांदा तांबड्यापेक्षा भारी, पण चालताना मागचा पाय घासतो." गाडीवानांना हा रोजचा तमाशा झाला.

"जजसाहेब, आमच्या बैलाला कोन्ता नंबर?" भागवत नावाचा गाडीवान विचारायचा.

"तुज्या बैलाला दुसरा. तुला चवथा."

पहिली सही नंदुरबारकडच्या एका मेळ्यात झाली, दुसरी सोलापूर जिल्ह्यात. दोन्हीकडचे ज्येष्ठ पंच वेगळे होते, आणि दोघांनीही शेरा जवळजवळ सारखाच लिहिला: पायांबद्दलचं निरीक्षण उत्तम. तिसऱ्या प्रदर्शनाला लांब जायचं नव्हतं. २०२४ च्या जानेवारीत वसमतजवळच्या माळावर घोड्यांचा मेळा भरणार होता. पंच म्हणून अमरसिंग येणार होते. राजस्थानातले, घोडदळातून रिसालदार म्हणून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. दिपालीने नवा शर्ट घेतला. फाट्यावर बातमी झाली की शिवहार पंच होऊन येणार.

पाच वर्षांवरच्या घोड्यांच्या गटात त्या दिवशी अकरा घोड्या होत्या. सात नंबरची कोजागिरी. कुमैत रंगाची, म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची. तिचे मालक किसनराव वसमतचे, हळदीच्या पोत्यांचा व्यापार करणारे, आवाजाने मोठे. रिंगणाच्या तोंडाशीच त्यांचं आणि डॉक्टर ऐश्वर्यांचं वाजलं. कोजागिरीच्या तोंडावर चार बोटं रुंद मखमली पट्टा होता, घुंगरं लावलेला.

"पट्टा काढा. साधी दोरीची म्होरकी घाला," ऐश्वर्या म्हणाल्या.

"म्याडम, लेकीला नागवी नेऊ का मांडवात? साज ऱ्हाऊ द्या तेवढा."

"सगळ्यांना सारखा नियम आहे."

"सगळ्यांच्या घोड्या सारख्या न्हाईत नं!"

पट्टा निघाला. अकरा घोड्या रांगेत उभ्या राहिल्या. अमरसिंग एका टोकाने निघाले, शिवहार दुसऱ्या टोकाने. प्रत्येक घोडी समोर थांबवायची, चालवत न्यायची, परत आणायची, मग दुडकी चाल. सात नंबरपाशी शिवहार आला तेव्हा त्याच्या मनात ती पहिलीच होती. लांबून तिची पाठ आणि मान बघून झाली होती. तो डाव्या अंगाला उभा राहिला, झुलपं वर केली, डोळ्याखाली बोट फिरवलं. डाव्या डोळ्याखाली दोन बोटांवर तुरीच्या दाण्याएवढा भोवरा होता. घुंगरांच्या पट्ट्याखाली झाकला जात होता, तो हाच.

त्या क्षणाबद्दल शिवहार फार सांगत नाही. "भ्यालो न्हाई," तो म्हणतो. "हात मागं आला. माजा न्हाई, आबाचा हात असल्यासारखा."

घोडी चालवून बघितली. ती ओळंब्यात चालल्यासारखी सरळ चालली. त्याने कार्ड भरलं आणि ती पाचवी ठेवली. पाचवी ठेवायची तर गुण कुठून तरी कापायला हवे होते. भोवऱ्याचं घर नव्हतं. त्याने पायांत कापले. वीसपैकी तेरा. शेऱ्यात लिहिलं: पुढचा डावा पाय बाहेर फेकते.

दुसरं काहीही लिहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. मानेचा बाक, पाठीची लांबी, यांत मतभेद चालतात. त्याने पाय लिहिला, कारण पायांबद्दल त्याचं लिहिणं कोणी तपासणार नाही, हे त्याला माहीत होतं.

अमरसिंगांच्या कार्डावर सात नंबर पहिली होती. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून त्यांनी काही वेळ बघितलं. मग शिवहारला रिंगणातच बोलावलं.

"सात नंबर पाँचवीं?"

"पाय, साहेब. पुढचा डावा बाहेर टाकते."

अमरसिंगांनी वाद घातला नाही. घोडी परत बाहेर काढायला लावली. रिंगणाच्या दोराला लोक टेकले होते, शंभरेक तरी असतील, त्यात निम्मे घोड्यांचे व्यापारी. किसनराव रिंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले.

"तू नालबंद है ना?" अमरसिंग म्हणाले. "पाँव उठा. नाल क्या बोलती है, बता."

जी घोडी पाय बाहेर फेकते तिची नाल एका कडेला जास्त झिजते. शिवहारने पाय उचलून मांडीवर घेतला. नाल महिनाभराची असावी. दोन्ही कडा सारख्या झिजल्या होत्या, टोकाला नखभर जास्त, जशी चांगल्या चालीच्या घोडीची झिजावी तशी. त्याने अंगठा फिरवला. पाय खाली ठेवायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला, हे कडेला उभ्या असलेल्या ऐश्वर्यांना आठवतं.

"बराबर हाय, साहेब. पाय बराबर हाय. म्या चूक लिवलं."

"फिर पाँचवीं क्यों?"

किसनराव ओरडायला लागले होते. "पाय वळखू येईना अन पंच व्हायला निघाला! फाट्यावर बैल पाडून ऱ्हा म्हणावं! अरे, माज्या घोडीचा पाय काढतो का तू?" लोक हसायला लागले. किसनरावांचा आवाज थांबतच नव्हता. दोराला टेकलेल्या व्यापाऱ्यांसमोर एक शब्द उच्चारला असता तर शिवहारची चूक समजण्यासारखी झाली असती. निम्म्यांनी मान डोलावली असती. आणि कोजागिरीकडे पुन्हा कोणी बघितलं नसतं. तो बोलला नाही.

तंबूत गेल्यावर बोलला. तिथे अमरसिंग होते आणि ऐश्वर्या.

"डोळ्याखाली आसूढाळ हाय, साहेब. म्हून पाडली."

"मैंने भी देखा," अमरसिंग म्हणाले.

शिवहारला हे अपेक्षित नव्हतं. "तुमी मानत न्हाई का?"

"मानता हूँ. मेरे घर में ऐसी घोड़ी कभी नहीं बँधी, न बँधेगी." त्यांनी कार्डावरच्या गुणांच्या घरांवरून बोट फिरवलं. "इसमें उसका खाना नहीं है, तो नंबर भी नहीं है. तू भँवरी के लिए नंबर काटता और भँवरी ही लिखता, तो मैं तुझे समझाता और शायद सही भी कर देता. तूने पाँव लिखा. तेरे पाँव पर सब आँख मूँदकर भरोसा करते हैं."

निळी वही त्यांनी न उघडताच परत दिली. कोजागिरी पहिली आली.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त कारण सोडून. नालबंदाला पाय ओळखता आला नाही. यापेक्षा जास्त कोणाला काही लागत नव्हतं.

"शिवहार," भागवतने बैल सोडता सोडता विचारलं, "ह्यो माज्या बैलाचा कोन्ता पाय हाय, सांग बरं. डावा का उजवा?"

"लाथ बसंल तो उजवा."

बैलवाले येत राहिले, कारण ऊस थांबत नाही. घोडेवाले थांबले. त्या उन्हाळ्यात लग्नाच्या दोन घोड्या सोडल्या तर शेडमध्ये घोडा आला नाही. एकाने फोनवर स्पष्टच सांगितलं की तो नांदेडहून माणूस बोलावणार आहे.

घरी लिंबाजींना खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "मंग चुकलं काय तुजं? आसूढाळ व्हती, पाडायलाच पायजे व्हती." शिवहारला यातून काही आधार मिळाला नाही. दिपालीचा प्रश्न वेगळा होता.

"आवं, सांगून टाका की एकदा चार लोकांत. काहून गप बसता?"

"सांगितलं की घोडी संपली. तिचा काय गुन्हा?"

"अन तुमचा?"

"माजा हाय."

तिसरी सही सोडून द्यायची का, यावर त्या घरात बराच काळ काही ठरलं नाही. ठरवलं ते दिपालीने, आणि तेही न बोलता. तिने आपल्या मराठी वहीत कार्ड नव्याने लिहिलं, उलट्या क्रमाने. आधी खूर, मग पाय, चाल, पाठ, खांदा, मान, आणि सगळ्यात शेवटी डोकं. ऐश्वर्यांना फोन करून विचारलं, असं भरलं तर चालतं का? चालतं, त्या म्हणाल्या, बेरीज तीच होते. मग शिवहार डोक्यावरची टोपी भुवयांपर्यंत ओढून बैलांसमोर उभा राहायला लागला. खुरापासून सुरुवात. मानेपर्यंतचे गुण लिहून झाल्याशिवाय नजर वर न्यायची नाही. पहिले काही दिवस त्याची मान आपोआप वर जायची. बायको मागून खाकरायची.

किसनराव आले ते त्याच वर्षी दिवाळीनंतर. टेम्पोतून कोजागिरीला घेऊन, आधी न सांगता. शेडसमोर तीन गाड्या उभ्या होत्या, भागवत होता. घोडीच्या तोंडावर तोच मखमली पट्टा. किसनरावांनी तो स्वतः सोडला आणि खांद्यावर टाकला.

"बगितलं व्हतं नं तुमी?"

"बगितलं व्हतं."

"अन बोलला न्हाईत."

"तिच्या पायाबद्दल खोटं बोललो तेवढं बास झालं."

किसनराव म्हणाले, "म्या आरडत व्हतो तवा मला राग न्हवता आला. तुमच्या तोंडातून ते निगू नये, निगलं तर कोनाला ऐकू जाऊ नये, म्हून आरडत व्हतो." मग ते गाडीवानांकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ऐकून घ्या रे. माजी घोडी आसूढाळ हाय. ह्या मानसानं तिच्या डोळ्याकडं बगून पाडली, पाय कवाच वळखला व्हता त्यानं. आता तिला शिंगरू झालं, म्या काही तिला इकत न्हाई. कोनाला काय बोलायचं ते बोला."

"मंग जजसाहेब," भागवत म्हणाला, "नाल मारा की. थांबलात कशाला?"

शिवहारने चारी पाय केले. जुन्या नाला काढून बघितल्या. दोन्ही कडा सारख्या.

तिसऱ्या सहीची संधी पुन्हा २०२५ च्या डिसेंबरात आली, परभणी जिल्ह्यातल्या एका मेळ्यात. पंच पुन्हा अमरसिंगच. या वेळी लिंबाजी सोबत निघाले. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. बसमधून उतरल्यावर ते दोराजवळची जागा धरून बसले.

गट घोड्यांचा होता, म्हणजे नरांचा. नऊ होते. चार नंबरचा काळाभोर घोडा रिंगणात आला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. शिवहारने टोपी खाली ओढली. रांगेच्या टोकापासून तो खूर बघत निघाला. लोकांना हे विचित्र वाटलं असावं: रुबाबात उभे राहिलेले नऊ घोडे आणि त्यांच्यापुढे जमिनीकडे बघत चालणारा एक माणूस. "काय हरवलं का पावनं?" कोणीतरी विचारलंही.

चार नंबरचे पुढचे पाय चांगले होते. मागचे गुडघे आत वळलेले होते, गाईसारखे. उभं असताना कळत नव्हतं, दुडकीला कळलं. पायांना वीसपैकी अकरा. चालीला बारा. मानेपर्यंतचे गुण लिहून झाले, उरलं डोकं. आता वर बघायला हरकत नव्हती. घोड्याच्या गळ्याच्या मुळाशी भोवरा होता, गोल, ठसठशीत. देवमण. लिंबाजी दोरापाशी उठून उभे राहिलेले त्याला दिसले. बेरीज करून शिवहारने घोडा चौथा ठेवला. अकराचे सोळा करायला पेनाचा एक फटका पुरला असता. त्याने कार्ड ऐश्वर्यांकडे देऊन टाकलं.

अमरसिंगांच्या कार्डावर तो तिसरा होता.

"चार नंबर चौथा क्यों?"

"मागचे गुडघे आत हायेत, साहेब. दुडकीला खूर एकमेकाला घासतात. डाव्या खुराच्या आतल्या अंगाला घासल्याची खूण हाय, ताजी. आठ नंबरचं डोकं याच्यापेक्षा हलकं, मान बी हलकी. पण तो चारी पायावर बराबर उभा हाय, म्हून त्याला वर ठेवला. नाल काढून दाखवू का?"

"ज़रूरत नहीं."

"तुमी तिसरा ठेवला."

"मैंने गर्दन को दो नंबर ज़्यादा दिए." अमरसिंगांनी वही मागितली. "वह मेरी राय है. यह तेरी."

सही करायला त्यांना दहा सेकंद लागले. शेऱ्याच्या जागी त्यांनी काही लिहिलं नाही.

सही झाल्यावर शिवहार वही घेऊन तंबूत बसून राहिला नाही. घोडे अजून रांगेत उभे होते. तो परत गेला, पहिल्या नंबरापासून सुरुवात केली, प्रत्येकाची झुलपं वर केली, डोळ्यांखाली बोट फिरवलं, गळा बघितला, छाती बघितली. एका मालकाने घाबरून विचारलं, "साहेब, निकाल बदलला का?"

"निकाल झाला. हे माजं हाय."

परतताना वसमतला बस बदलली. लिंबाजी खिडकीशी बसले.

"देवमण सोडलास."

"व्हय आबा."

"अर्धाच घोडा बगून आलास मंग."

शिवहारने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक नंबर, कपाळावर दोन भोवरे, शेजारी शेजारी. दोन नंबर, साधा. तीन नंबर, छातीवर एक, केस वरच्या अंगाला फिरलेले. असे नऊच्या नऊ सांगितले. लिंबाजी प्रत्येकावर मान हलवत होते, एक-दोनदा त्यांनी 'कोन्त्या अंगाला?' म्हणून विचारलं. मग त्यांनी आपला निकाल दिला. पहिला चार नंबर, दुसरा तीन नंबर. एक नंबर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

"अन कार्डात पैला कोन?"

"सहावा."

लिंबाजींनी आठवून बघितलं. सहाव्याच्या कपाळावर एकच भोवरा होता, मधोमध, जसा बहुतेक घोड्यांना असतो. भला नाही, वाईट नाही.

"साधा हाय," ते म्हणाले. "पाय?"

"बराबर. चारी."

बस एका वळणावर थांबली, दोन माणसं चढली, कंडक्टरने घंटी मारली.

"पाय बगू नको असं म्या कवा म्हनलं?" लिंबाजी म्हणाले, आणि तंबाखूची पिशवी काढली.